दुखणं गेल्याची साक्ष

मामांच्या सलूनमध्ये केस कापून झाले की गिऱ्हाईक लगेच उठत नाही. मामा मानेवरचे केस ब्रशने झटकतात, टॉवेल काढतात, मागून छोटा आरसा धरून दाखवतात आणि मग दोन्ही तळवे त्या माणसाच्या डोक्यावर ठेवून हळूच विचारतात, "काही आहे का?" काही असेल तर माणूस सांगतो. कुणाची कंबर, कुणाची परीक्षा, कुणाची सासू. मामा दोन-चार वाक्यांत प्रार्थना करतात, आमेन म्हणतात आणि पुढच्याला खुर्चीत बोलावतात. आमच्या चर्चचे नसलेले लोकही हौसेने बसून राहतात. एक वकील तर सरळच म्हणतो, "देवाबिवाचं मला माहीत नाही मामा, पण डोकं हलकं होतं." एवढं जंगल उतरवल्यावर ते होणारच, असं मी म्हणते आणि मामी माझ्यावर डोळे वटारते.

मी त्यांची भाची. शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली तेव्हापासून सलूनच्या वरच्या खोल्यांत त्यांच्याकडेच राहते. मामा-मामींना मूलबाळ नाही, त्यामुळे लाडही माझ्याच वाट्याला आले आणि उपदेशही. माझं तोंड फटकळ आहे. मामांशी भांडायचं म्हणजे मात्र उशीवर बुक्की मारल्यासारखी गत. हात दमतो आणि आवाजही येत नाही.

या माणसाचा पाय बिघडला तो धंद्यापायीच. कापलेला केस सुईसारखा ताठ असतो. दिवसभर चपला घालून केसांच्या ढिगात उभं राहिलं की एखादा केस बोटांच्या बेचक्यात नाहीतर तळव्यात रुततो. मामा जन्मभर चिमट्याने असे केस काढत आले. त्या खेपेला एक राहून गेला. उजव्या करंगळीच्या खाली लाल झालं, मग पू, मग चांगली जखमच. पायाची नुसती आग आग व्हायची. मामी म्हणाली, डॉक्टरांना दाखवा. मामा म्हणाले, "आधी प्रार्थना करू, मग बघू." मामांच्या तोंडून "बघू" निघालं की ते काम बारगळलं म्हणून समजायचं.

आमच्या चर्चच्या दाराशी एक काळा फळा आहे. आजारी माणसांची नावं त्यावर खडूने लिहितात आणि रविवारी सगळी मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करते. जो बरा होतो तो पुढे जाऊन साक्ष देतो, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतो, आणि मग स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव पुसतो. पुसलेलं नाव पुन्हा कुणी लिहीत नाही. तसा नियम नाही, पाळकांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, तसं कधी सांगितलेलंही नाही. पण पुन्हा लिहायचं म्हणजे देवाचं काम कच्चं निघालं म्हटल्यासारखं होतं, आणि ते म्हणणार कोण?

मामांचं नाव फळ्यावर गेलं. पाळकांनी घरी येऊन कपाळाला तेल लावून प्रार्थना केली. असे काही आठवडे गेले, आणि एका सकाळी चहाचा कप हातात धरून मामा पायाकडे बघतच राहिले.

"अगं, दुखत नाही," ते मामीला म्हणाले.

"अजिबात?"

"अजिबात नाही." आणि खात्री पटावी म्हणून त्यांनी पाय धाडकन जमिनीवर आपटून दाखवला.

त्या रविवारी मामा साक्ष द्यायला उभे राहिले. बोलता बोलता त्यांना रडू आलं. मीही रडले, खोटं कशाला सांगू. ज्या माणसाने गावभरच्या डोक्यांवर हात ठेवून दुसऱ्यांसाठी मागितलं, त्याला स्वतःला काही मिळालं याचा मला मनापासून आनंद झाला होता. मामांनी फळ्यावरचं नाव तळहाताने पुसलं, आणि खडूचा तो पांढरा हात घेऊनच ते दिवसभर सगळ्यांशी हस्तांदोलन करत फिरले.

दुखणं गेलं होतं हे अगदी खरं. जखम मात्र जागच्या जागी होती.

मामांनी चपला सोडून मोजे आणि बूट घालायला सुरुवात केली. म्हणाले, आता केस रुतायची भीती नको. मलाही ते शहाणपणाचं वाटलं. मग एकदा धुण्याच्या बादलीतून माझा रुमाल काढताना हाताला मामांचा मोजा लागला. पुढचा भाग पिवळा, कडक झालेला, आणि वास असा की मी तोंड फिरवलं.

"मामी, हे काय आहे?"

"ठेव ते खाली."

"कधीपासून चाललंय?"

"हळू बोल. खाली गिऱ्हाईक आहे."

"त्यांना दुखत नाही?"

"नाही ना," मामी म्हणाली आणि मोजा माझ्या हातातून काढून घेऊन चोळायला लागली. "पाय तसा आणि दुखत नाही. मी तरी काय बोलू?"

मामांच्या तळपायाला काही कळत नव्हतं, माझ्या तळपायाची आग मात्र मस्तकात गेली. मी तशीच खाली उतरले. दुकान रिकामं व्हायची वाट बघितली, एवढा संयम पाळला.

"मामा, डॉक्टरकडे चला."

"दुखत नाही गं आता."

"मोजे बघितलेत मी."

मामांनी कात्री पुसायला घेतली. कात्री स्वच्छच होती. "साक्ष दिली आहे मी," ते म्हणाले. "आता दवाखान्याच्या रांगेत मला कुणी बघितलं तर? फळ्यावर अजून किती जणांची नावं आहेत. माझ्याकडे बघून त्यांना धीर आलाय. त्यांचा विश्वास मी मोडू?"

"आणि पाय मोडला तर?"

"भरेल जखम. वेळ लागतो."

मी हात टेकले आणि पाळकांना गाठलं. पाळक भला माणूस. मामीसारखे तेही रक्तदाबाची गोळी घेतात आणि ते लपवतही नाहीत. "मी समजावतो त्यांना," म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी दाढी करायच्या निमित्ताने दुकानात आले. पण तोंडाला फेस असलेल्या माणसाला वाद घालता येत नाही, आणि मामांनी त्या दिवशी फेस जरा सढळ हातानेच लावला. दाढी होईपर्यंत मामा बोलत राहिले. शेवटी दुकानात दोन फेऱ्या मारून दाखवल्या, ताठ, न लंगडता. लंगडायला दुखावं लागतं. पाळक समाधानाने घरी गेले आणि मी मनातल्या मनात दोघांनाही शिव्या घातल्या.

मामांना हलवलं ते रंगाऱ्याने. हा आमच्याच मंडळीतला, घरांना रंग देणारा माणूस. एका दुपारी मी दुकानातल्या बाकावर उत्तरपत्रिका तपासत बसले होते, तेव्हा तो केस कापायला आला. इतका वाळला होता की मी आधी ओळखलंच नाही. शर्ट अंगावर नुसता अडकवल्यासारखा. आल्या आल्या माठातलं पाणी प्यायला, खुर्चीत बसून पुन्हा मागितलं, आणि केस अर्धे कापून झाल्यावर पुन्हा.

"उन्हात काम चाललंय वाटतं," मामा म्हणाले.

"नाही, आतलंच आहे. पण तहान भागतच नाही हल्ली."

केस झाले. मामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले. "काही आहे का?"

"आता काही नाही मामा," रंगारी खुशीत म्हणाला. "तुमची साक्ष ऐकली आणि त्याच दिवशी सुया बंद केल्या."

"कसल्या सुया?"

"इन्सुलिनच्या. दोन्ही वेळा टोचून घ्यायचो ना शुगरसाठी. म्हटलं, मामांचा एवढा पाय बरा होतो, तर माझी शुगर काय चीज आहे."

मामांचे हात त्याच्या डोक्यावर होते तसेच राहिले. मी लाल पेन खाली ठेवलं.

"डॉक्टरांना विचारलंस?"

"तुम्ही कुठे विचारलंत?" तो सहज म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच मामांना जास्त लागलं असावं.

"आजच सुरू कर परत," मामा म्हणाले.

"का? तुम्ही झालात ना बरे?"

 आरशातून मामा रंगाऱ्याकडे बघत होते आणि रंगारी त्यांच्याकडे. मग मामा शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले. धंद्याच्या वेळेत गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेले मामा मी तोपर्यंत पाहिले नव्हते. त्यांनी वाकून बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मोजा सोलल्यासारखा उतरवला आणि पाय पुढे केला.

करंगळी काळी पडली होती. शेजारच्या बोटाचाही रंग गेला होता. आणि तळव्यात ब्लेडचा तुकडा रुतून बसला होता. वस्तऱ्यात घालायला मामा ब्लेड मधोमध मोडतात, त्यातलाच अर्धा. तो मोज्यात कधी पडला आणि कधीपासून मामा त्याच्यावर उभे राहून लोकांचे केस कापत होते, ते एक देवच जाणे. रंगाऱ्याने खाली बसून बोटाने तळव्याला स्पर्श केला.

"कळतंय का?"

"नाही," मामा म्हणाले. "दुखत नाही हे मी खरं सांगितलं होतं. पण मी बरा झालेलो नाही. हे मला बऱ्याच दिवसांपासून माहीत आहे."

मी जिन्याखालून मामीला हाक मारली. ती ओले हात पुसत उतरली, पाय बघितला, आणि कपाटातला धुतलेला टॉवेल काढून गुंडाळायला लागली. शटर ओढून आम्ही चौघंही एकाच गाडीत कोंबून दवाखान्यात गेलो. मामांचं एकच पालुपद चाललं होतं, "आधी याला बघा." डॉक्टरांनी दोघांनाही बघितलं. मामांनाही शुगर निघाली, बरीच जुनी. पायातल्या नसा त्यानेच बधिर झाल्या होत्या. दुखणं गेलं होतं ते त्यामुळे. पाऊल वाचलं, दोन बोटं मात्र काढावी लागली. रंगारी पलीकडच्याच खाटेवर होता, त्याच्या सुया त्याच दिवशी सुरू झाल्या. सुया सोडल्या म्हणून घरी भांडणही सुरू झालं म्हणाला, पण ते सांगतानाही हसत होता.

मामा कुबड्या घेऊन चर्चमध्ये यायला लागले त्या पहिल्याच रविवारी त्यांनी पाळकांकडे बोलायची परवानगी मागितली. फळ्यापाशी गेले, खडू घेतला आणि स्वतःचं नाव पुन्हा लिहिलं. मंडळीत कुजबुज झाली. मामा पुढे येऊन उभे राहिले.

"प्रभू बरं करतो यावर माझा तेव्हाही विश्वास होता, आताही आहे," ते म्हणाले. "पण मी बरा झालो नव्हतो. दुखणं थांबलं आणि मी धावत पुढे आलो. मग पाय सडत गेला तरी तुम्हाला तोंड कसं दाखवू म्हणून बुटात लपवला. देवाची अब्रू वाचवतोय असं मला वाटत होतं. वाचवत होतो ती माझी."

कुणी आमेन म्हटलं नाही. म्हणणार तरी कशाला? मला मात्र त्या क्षणी या माणसाचा इतका अभिमान वाटला की आजवरची सगळी "बघू" मी त्यांना माफ केली.

"माझं ऐकून आणखी कुणी औषध सोडलं असेल तर हात वर करा," मामा म्हणाले. "लाजू नका. माझ्याइतकं लाजायचं कारण तुमच्यापैकी कुणालाच नाही."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रंगारी पहिल्या बाकावरून मागे वळून चेहरे न्याहाळत होता. बराच वेळ एकही हात वर गेला नाही. मामांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि कुबडी सावरली. तेवढ्यात माझ्या शेजारी हालचाल झाली. मामीने हात वर केला होता.

 मामांना आधी समजलंच नसावं. मग ते होते तिथून निघाले आणि दोन बाकांच्या मधून कुबड्या टेकत थेट आमच्यापर्यंत आले. उपासना अर्धवट टाकून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. दारातल्या माणसाने मामांसाठी चाकाची खुर्ची आणली, तेव्हा मामा म्हणाले, "मला नको. पेशंट ही आहे." नर्सने रक्तदाब मोजायला मामीच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला आणि लगबगीने डॉक्टरांना बोलवायला गेली.

"कधीपासून बंद आहेत गोळ्या?" मामांनी विचारलं.

"तुम्ही साक्ष दिलीत त्या आठवड्यापासून."

"अगं, पण मोजे तूच धूत होतीस ना? तुला तर दिसत होतं."

"दिसत होतं म्हणूनच," मामी म्हणाली. "सगळे म्हणतात बरा झाला, आणि मला रोज जखम दिसते. म्हटलं, माझाच विश्वास कमी पडतोय, म्हणून भरत नाही. मग देवाला सांगितलं, यांची जखम भरेपर्यंत मीही गोळी घेणार नाही."

 डॉक्टर आले, त्यांनी एक गोळी दिली. पाण्याचा ग्लास मामांनी कुणाला धरू दिला नाही. मामीने गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला, आणि ती गोळी खाली उतरेपर्यंत मामा तिच्या गळ्याकडे बघत राहिले.