पाटावर बसवलेली लेक

माझी लेक आजारी होती आणि मी तिला दैवी समजत होतो. हे लिहायला मला फार वर्षं लागली.

नव्वदच्या दशकात मी सिंगापूरहून सुटणाऱ्या मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होतो. तिथल्याच टॅम्पिनीस भागातल्या फ्लॅटमध्ये पत्नी आणि चौदा वर्षांची मुलगी राहत. शाळेत मुली तिच्या केसांच्या तेलाला नाक मुरडत, तिच्यापासून खुर्च्या लांब ओढत. ती रडत सांगायला आली, तेव्हा मी म्हणालो, "उलट उत्तर देता येत नाही? बावळट ध्यान!" इंजिनरूममध्ये माणसं अशीच तयार होतात, एवढीच माझी समज. पुढच्या सफरीहून परतलो, तर ती जेवता जेवता थांबून कशाला तरी कान देऊ लागली होती.

दर गुरुवारी आमच्याकडे दत्ताच्या आरतीला दर्यावर्दी मराठी कुटुंबं जमत. एकदा आरती चालू असतानाच ती म्हणाली, "मला आवाज येतो." टाळ थांबले. कुणीतरी म्हणालं, "अहो, संचार आहे हा! भाग्यवान पोर." पुढच्या गुरुवारी तिला देव्हाऱ्याजवळ पाटावर बसवलं. बायका तिच्या पाया पडल्या. मी कुणाला अडवलं नाही. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. वर्गात जिच्या शेजारी कुणी बसत नव्हतं, तिला इथे मान मिळत होता. पत्नी म्हणाली, "अहो, ती झोपत नाही. डॉक्टरांना दाखवू या." मी तिला गप्प केलं. "देवाच्या गोष्टीत डॉक्टर कशाला?"

तिसऱ्या गुरुवारी खालच्या मजल्यावरच्या तमिळ आजी टाळ ऐकून वर आल्या. ओळख लिफ्टमधल्या नमस्कारापुरती. मी अभिमानाने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "पण तो आवाज बोलतो काय? तिला विचारलंत?"

कुणीच विचारलं नव्हतं.

आजी तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. पाया न पडता त्यांनी तिचा हात धरला. "टेल मी, लाह," त्या सिंगापुरी ढंगात म्हणाल्या. मुलगी खाली बघत इंग्रजीतच पुटपुटली, "तू घाण आहेस म्हणतो. सगळे हसतायत म्हणतो." मग मराठीत म्हणाली, "बावळट ध्यान." ते दोन शब्द आजींना कळले नाहीत. बाकी सगळ्यांना कळले. आजी उठल्या आणि मला म्हणाल्या, "देव मुलांशी असं बोलत नाही. उद्या हॉस्पिटलला न्या."

दुसऱ्या दिवशी नेलं. डॉक्टर म्हणाले, "छळानेच हा मनाचा आजार झाला असं सांगता येणार नाही, कारणं अनेक असतात. पण जे मन रोज अपमान ऐकतं आणि तोच खरा मानू लागतं, त्याला हा धोका जास्त असतो."

मी पुढचं जहाज नाकारलं. शाळेने दखल घेईपर्यंत तिथे जात राहिलो. औषधाची एकही वेळ चुकू दिली नाही. पाट उचलून ठेवला. आणि लेकीसमोर हात जोडून म्हणालो, "ते शब्द माझे होते. खोटे होते." आवाज पुरता थांबायला दोन वर्षं लागली. पुढे एकदा नूडल्स खाताना ती म्हणाली, "बाबा, आता तो येत नाही. आला ना, तरी मी ऐकणार नाही, लाह."

त्या आजींच्या रूपाने दत्तच आले का, हे मला ठाऊक नाही. आजी आल्या, एवढं पुरे आहे. देवापुढे मी आयुष्यभर डोकं टेकवलं, पण माझंच खरं हा हट्ट कधी सोडला नव्हता. तो सोडल्यावरच मला माझ्या मुलीचं ऐकू आलं.