नदी होती तिथंच

कांबळेसाहेब माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते भांडायलाच. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान. पत्रिकेच्या पाठीवर कार्यालयाकडं जायचा नकाशा छापून द्यायचा, ही माझी स्वतःची कल्पना, आणि तिचा मला भलता अभिमान होता. एका दुपारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, पेनाच्या जागी खिशात सहा इंची पट्टी लावलेले एक गृहस्थ आत आले. त्यांनी एक पत्रिका काउंटरवर पालथी टाकली, नकाशावर पट्टी टेकवली आणि विचारलं, "ह्यो नकाशा कुणी काढला?"

"मी."

"जयसिंगपूर बघिटलंय का कधी?"

"न बघायला काय झालं?"

"मग स्टेशनाच्या उजव्या अंगाचं कार्यालय डाव्या अंगाला कसं गेलं? दोस्ताच्या पोरीचं लगीन, आणि मी जाऊन हुबा ऱ्हायलो शेंगांच्या वखारीत. अक्षता काय पोत्यांवर टाकायच्या व्हत्या?"

चूक कबूल करायची आमच्या पेठेत पद्धत नाही. मी म्हटलं, "बाकीचे चारशे लोक पोचले की बरोबर!"

"त्यांनी नकाशा बघिटला नसंल," ते म्हणाले.

हे शंकर भिवा कांबळे. मोजणी खात्यात तीस वर्षं नकाशे काढून नुकतेच निवृत्त झालेले, मूळचे मुरगूडचे. जगात बरा नकाशा एकही नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. न आवडलेल्या नकाशाला ते 'रांगोळी' म्हणायचे. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा ही रांगोळी. स्टँडवर पर्यटकांसाठी रंगवलेला फलक ही तर दिवाळीची रांगोळी. "ह्येच्या मागनं गेलेलं पावणं थेट रंकाळ्यात पडतील," असं ते त्या फलकापुढं उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल एवढ्यानं सांगायचे. वरिष्ठांबद्दल तर बोलायलाच नको. "साहेब लोक नकाशा उलटा धरून सही करत्यात. सुलटा धरला तर सही कुटं करायची ते घावत न्हाय."

त्या दिवशी ते निघालेच होते, तेवढ्यात त्यांना मागच्या टेबलावरचा माझा खेळ दिसला.

या खेळाबद्दल सांगायला हवं. मेव्हण्यानं परदेशातून एक युद्धाचा खेळ आणला होता. मोठा नकाशा, त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं, प्रत्येक घरात फौजेची सोंगटी, आणि फासे. तो बघून मला खूळ लागलं. आपल्या मुलखाचा असा खेळ करायचा. कोकणातून घाट चढून येणारी एक फौज, कोल्हापूर राखणारी दुसरी, मधे नद्या आणि डोंगर. नाव 'घाटमाथा'. पत्रिका छापून उरलेला सगळा वेळ मी त्यात घालत होतो आणि घरचे मला वेड्यात काढत होते.

कांबळेसाहेबांनी वाकून बघितलं. "ही वेदगंगा काय?"

"व्हय."

"चढाला व्हातीया की!"

मी हसलो. म्हटलं, खेळातली नदी आहे, थोडं इकडं तिकडं चालायचंच. ते हसले नाहीत. "मी मुरगूडचा. गावात आमचा पाणवठा खालच्या अंगाला. वरच्या अंगाला सगळं गाव धुऊन झालं की मग पाणी आमच्याकडं यायचं. नदी कुठनं कुठं जाती ते आमाला तुमच्यापेक्षा बरं म्हाईत हाय, पत्रिकावालं."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो तर हे दारात उभे, काखेत ट्रेसिंग पेपरची गुंडाळी. "सरका," म्हणाले, आणि माझ्याच खुर्चीवर बसले.

पुढचे सहा महिने ती खुर्ची मला मिळाली नाही. माणूस काम करताना बघत राहावा असा. एका काडेपेटीत त्यांनी दाढीचं अर्धं ब्लेड जपून ठेवलेलं असे. शाईची रेघ केसभर चुकली की ब्लेडच्या टोकानं ती इतक्या हलक्या हातानं खरवडायचे की कागदाला कळू नये. मी कौतुक केलं की डाफरायचे. "ह्यात कसलं कौतुक? खरवडल्याली जागा खरवडल्यालीच ऱ्हाती. तिथं परत शाई धरत न्हाय, फुटती. म्हणून पयल्यांदाच नीट काढायचं असतंय." आमच्या हवालदार जाधवांनाही ते सोडत नसत. जाधव सैन्यातून निवृत्त झालेले, माझे जुने गिऱ्हाईक आणि खेळातले कायमचे शत्रू. जाधव म्हणायचे, "नकाशा काय, मी नुसत्या वासावर पल्टन नेलीया." कांबळेसाहेब मान वर न करता विचारायचे, "पोचली का?"

एकदा मी त्यांना म्हटलं, खेळ निघेल तेव्हा कोपऱ्यात तुमचं नाव छापू. 'नकाशा : शं. भि. कांबळे.' त्यांचा हात थांबला. तीस वर्षांत त्यांनी शेकड्यांनी नकाशे काढले होते, पण खाली नाव कायम साहेबाचं. "बघू," एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी माझ्या कुठल्याच कामाला रांगोळी म्हटलं नाही, यावरून मी काय ते ओळखलं. त्या माणसाला आयुष्यात आणखी काही नको होतं, एका खऱ्या नकाशावर आपलं नाव हवं होतं.

नकाशा झाला. काय नकाशा होता! घाटाची वळणं मोजून घ्यावीत अशी. आणि खेळायला बसलो तर दहाव्या मिनिटाला जाधव आणि मी एकमेकांच्या उरावर.

भानगड अशी की कांबळेसाहेबांची नदी जशी आहे तशीच वाहत होती, म्हणजे माझ्या सहा कोनी घरांच्या बरोबर पोटातून. आता त्या घरात सोंगटी ठेवली, तर ती नदीच्या अलीकडं की पलीकडं? नियम असा, की नदी ओलांडायची तर एक पाळी जास्त थांबायचं. जाधव म्हणायचे, मी ओलांडली. मी म्हणायचो, अजून न्हाय. "सोंगटी काय पाण्यात हुबी हाय व्हय?" असं ओरडून जाधवांनी एकदा फासा रस्त्यावर फेकला. एकही डाव पुरा होईना.

उपाय सरळ होता. परदेशी खेळात नदी घरांच्या कडेनं, बांधावरून नेलेली असते. इकडचं घर अलीकडं, तिकडचं पलीकडं, वाद संपला. मी म्हटलं, "कांबळेसाहेब, चार ठिकाणी नदी जरा सरकवून बांधावर घ्या की."

"नदी सरकवू?"

"अर्धा इंच हो!"

त्यांनी पट्टी खिशात ठेवली. म्हणाले, "एकदा सरकवलाय म्या. नदी न्हवं, ओढा. नोकरीत नवा हुतो. साहेब म्हणाला, अकरा फूट हिकडं घे, मोठ्या माणसाचं काम हाय. घेतला. साहेबानं न बघता 'तपासले' म्हणून सही ठोकली. एका गरिबाची हीर त्या अकरा फुटात गेली. माझा आजा गावच्या शिवेचा साक्षीदार. शिवेचं भांडण लागलं की गाव त्येला बोलवायचं, त्यो दावील ती शीव. त्येच्या शब्दावर हद्द ठरायची, आणि त्येला पाणी मात्र वरनं वतायची. त्या माणसाचा मी नातू, आणि म्या ओढा सरकवला!"

"पण हा खेळ आहे, साहेब."

"खेळात बी खोटंच काढायचं, मग खरं कुटं काढायचं?" मग म्हणाले, "मला पंधरा दिस द्या. काय तरी करतो. पण नदीला हात लावू नगा."

मी हो म्हटलं. तोंडानं म्हटलं.

कारण आठ दिवसांनी पुण्याचा एक खेळणीवाला येणार होता. डाव त्याच्यासमोर दोन तासांत, भांडण न होता संपला, तर तो खेळ बाजारात आणणार होता. त्याला फोन करून आणखी आठ दिवस मागता आले असते. फोन टेबलावरच होता. मी उचलला नाही. मला वाटलं, या म्हाताऱ्याच्या हट्टापायी माझा खेळ बुडणार. खरं तर मला त्या माणसाची भीती वाटायची, आणि ज्याची भीती वाटते त्याच्या पाठीमागंच आपण काय ते करतो. छपाईची जी पारदर्शक फिल्म असते, तिच्यावर मी चार ठिकाणी नदी सरकवली आणि बांधावर घेतली. खाली मोठ्या थाटात त्यांचं नाव घातलं. वर स्वतःलाच सांगितलं, नाव बघून खूष होईल म्हातारा.

पुण्याचा माणूस आला. जाधव आणि मी पावणेदोन तासांत डाव संपवला. "नकाशा फारच सुटसुटीत आहे हो!" तो म्हणाला. मी फुगलो. लग्नपत्रिका छापणाऱ्याला एवढं पुरतं.

पंधराव्या दिवशी कांबळेसाहेब आले. दाढी गुळगुळीत, काखेत नवी गुंडाळी, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली, जवळजवळ हसू म्हणावी अशी काही तरी गोष्ट. मी त्यांना बोलूच दिलं नाही. छापलेला पहिला कागद त्यांच्यापुढं पसरला आणि त्यांच्या नावावर बोट ठेवलं. त्यांनी नाव वाचलं. मग खिशातून पट्टी काढली. एक जागा, दुसरी जागा, तिसरी, चौथी. पट्टी चारही ठिकाणी बरोबर थांबली.

"फिल्म आणा."

मी आणली. त्यांनी काडेपेटी उघडली, अर्धं ब्लेड काढलं आणि माझ्यासमोर, एक एक अक्षर, स्वतःचं नाव खरवडून काढलं. घाई नाही, राग नाही. भुगा फुंकला. "आता बराबर हाय," म्हणाले. "आता रांगोळी हाय."

गुंडाळी काखेत मारून ते पायरी उतरले. मी मागून ओरडलो, "अहो, त्यात काय आणलंय ते तरी दावा!"

"तुमाला बघायची सवय न्हाय," ते म्हणाले आणि गेले.

'घाटमाथा' बाजारात आला. खोक्यावर माझं नाव ठळक अक्षरांत होतं. दोन दिवाळ्या तो दुकानांतून दिसला, मग पत्त्यांच्या कॅटांखाली गेला, मग दिसेनासाच झाला. नकाशाबद्दल कुणी एका शब्दानं तक्रार केली नाही. लोकांना रांगोळी चालते, हे कांबळेसाहेब सांगतच होते. ते पुन्हा दुकानात आले नाहीत. भाजी घेताना दिसायचे. मी "जय भीम, साहेब" म्हणायचो. तेही "जय भीम" म्हणायचे आणि मेथीची जुडी निरखायला लागायचे. सात-आठ वर्षं असंच चाललं. माफी मागायला दोन मिनिटं लागली असती, ती मला सात-आठ वर्षांत मिळाली नाहीत. काय म्हणावं असल्या माणसाला?

ते वारले तेव्हा मी घरी गेलो. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. त्यांच्या मुलानं आतून एक गुंडाळी आणून माझ्या हातात दिली. "बाबांनी कपाटावर जपून ठेवलं होतं. टाकू का म्हटलं की म्हणायचे, ऱ्हाऊ दे, पत्रिकावाल्याचं हाय."

दुकानात येऊन मी ती काउंटरवर उलगडली. जाधवांना बोलावून घेतलं होतं, एकट्याचा धीर होईना. नदी होती तिथंच होती. सरकली होती ती घरं. माझी सहा कोनी घरं त्यांनी मोडून टाकली होती आणि शेतांसारखी लहानमोठी, वेडीवाकडी घरं आखली होती. प्रत्येक घराचा बांध नदीला, कड्याला, डोंगराच्या धारेला धरून घातलेला. सोंगटी कुठंही ठेवा, ती अलीकडं तरी असणार नाही तर पलीकडं. ओढ्याला धरून बांध घालतात, बांधाला धरून ओढा वाहत नाही, हे गुंठाभर जमीन असलेला माणूससुद्धा जाणतो. नदी खरी होती आणि घरं माझ्या मनची होती, तरी मी नदीच हलवायला गेलो!

आम्ही तिथंच डाव मांडला. दीड तासात संपला. जाधव हरले आणि तरीही भांडले नाहीत. "भांडायला जागाच ठेवली न्हाय की वो ह्या माणसानं," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

खालच्या कोपऱ्यात, मोजणी खात्याच्या नकाशावर असतात तशा तीन ओळी आखलेल्या होत्या. 'मोजणी'पुढं शं. भि. कांबळे. 'नकाशा'पुढं शं. भि. कांबळे. 'तपासले'पुढं काहीच नव्हतं, पण तिथला कागद मला खरबरीत लागला. मी तो दाराच्या उजेडाकडं धरला. ब्लेडनं खरवडलेलं नाव अजून वाचता येत होतं. सु. ब. माळी. माझं.

म्हणजे त्या दिवशी ते माझ्या दुकानात आले तेव्हा ते नाव लिहूनच आले होते. माझ्याकडून नकाशा तपासून घ्यायला. आणि घरी जाऊन त्यांनी ते खरवडून टाकलं होतं.

"लिवा की परत," जाधव म्हणाले. "आता तपासलाय न्हवं?"

मी पेन काढलं, टोपण उघडलं, टोक त्या जागेवर नेलं. मग टोपण लावून पेन खिशात ठेवलं. खरवडलेल्या जागी शाई धरत नाही.