ओढा थांबला त्या वर्षी

मोठ्या भावानं फवारणीवाल्याच्या डोक्यात वजन घातलं, त्या दिवशी आमच्या घरी घट बसायचे होते.

धारूरजवळच्या आमच्या गावात त्या वर्षी भाद्रपदात पाऊस चार दिवस कोसळला आणि एकदम उघडला. दगड लोटत नेणारा ओढा थांबला, त्याची डबकी झाली. दिवसा ऊन चटके देई, संध्याकाळी अंग चिकट होई. वाहत्या पाण्यात डासांच्या अळ्या टिकत नाहीत, साचलेल्या पाण्यात टिकतात, हे मी बीडला कॉलेजात वाचलं होतं. नवरात्रासाठी मी घरी आलो होतो.

वहिनीनं आठवडाभर खपून भिंतींना चुना दिला होता. हिवतापाच्या डासांवरचं सरकारी औषध मारलं की त्यावर डाग पडणार, वास राहणार. त्यात फवारणीवाला चपला घालूनच घटाच्या खोलीत शिरला. दादा पुढच्या खोलीतल्या दुकानातून तराजूतलं वजन हातात तसंच धरून उठून आला, मागोमाग गिऱ्हाइकंही. दुकानात टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या, डास पळवायच्या वड्या नुकत्याच विकायला आल्या होत्या.

"मालक, वढा थांबलाय," फवारणीवाला म्हणाला. "पंधरा दिवसात ताप येतोय बघा."

"वढ्यानं सांगून धाडलं का बे तुला?"

गिऱ्हाइकं हसली. वहिनी म्हणाली, चपला काढून मारू द्या की. दादा माझ्याकडं वळला.

"तू शिकलेला हाईस. ह्याचं खरं हाय का?"

एवढ्या लोकांत दादाला खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं. मी खाली बघितलं. फवारणीवाला नळी उचलून पुढं सरकला आणि दादानं हातातलं दोन किलोचं वजन त्याच्या कानामागं घातलं. तो भिंतीला घासत खाली बसला. रक्त चुन्यावर उडालं. त्याच्या जोडीदारानं त्याला उठवून बाहेर नेलं आणि जाताना, फवारणी नाकारणाऱ्या घरावर लिहायची रीत होती तसं, दाराशेजारी गेरूनं लिहिलं : नकार.

वहिनीनं रक्तावर चुना फिरवला. मग घट बसले.

दसरा झाल्यावर तिला हीव भरलं. तीन गोधड्या, वर मी, पाय दादानं धरलेले, तरी बाज फरशीवर सरकत होती. दातांखाली तिची जीभ फाटली. घाम येऊन ताप उतरला की ती उठून भाकरी थापायची. एक दिवस सोडून पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तिनं आम्हाला ओळखलं नाही. दादाच्या मनगटाला ती कडकडून चावली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेताना जीपमध्येच ती गेली.

तेराव्यानंतर दादानं तेच वजन घेऊन ती भिंत ठेचली. चुन्याचे पापुद्रे उडाले, खालचा तपकिरी डाग उघडा पडला, तरी तो बोटं फुटेपर्यंत ठेचत राहिला. मी दारात उभा होतो. फवारणीवाल्याचं खरं होतं का, असं त्यानं मला पुन्हा कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दादा जाऊनही आता वर्षं झाली. घर माझ्याकडं आहे. दाराशेजारी गेरूची ती तीन अक्षरं अजून आहेत.