भरल्या टँकाला पंप कशाला?

आधी चहा संपवा बघू. हे ऐकताना माझ्या धाकट्या जावेनं हसून हसून नव्या सोफ्यावर चहा सांडला होता, म्हणून म्हणते. असा घोळ घातला मी, आणि तोही शेजारधर्म पाळताना!

आमच्या शेजारचे दिलीपभाऊजी. विट्यातल्या पुष्कळ जणांसारखं त्यांचंही सोनं गाळायचं दुकान लांब, कोइमतूरला. इथं बंगला बांधला आणि अंगणात चक्क पोहायचा टँक! लेकीचा, पूजाचा साखरपुडा त्याच्याच काठावर करायचा ठरला. पोरीनं साताऱ्याच्या सासरी निळ्या पाण्याचे फोटोसुद्धा पाठवलेले.

परत जाताना भाऊजींनी किल्ली माझ्या हातात दिली. "वहिनी, लक्ष असू द्या. टँकाचा पंप टायमरवर हाय. रोज सकाळी आपोआप चालू होतोय, आठ तास चालतोय."

लक्ष ठेवायला मला किल्ली लागते होय? गच्चीवरून सगळं दिसतं!

पण आठ तास? टँक काठोकाठ भरलेला, आणि पंप आठ तास? तुम्हीच सांगा, आमच्या दुष्काळी भागातल्या बाईला हे बघवेल? आमच्या गल्लीत टाकी भरून चार थेंब खाली पडले की घराघरातून ओरड होते, "मोटर बंद करा!" मला वाटलं, हा माणूस गल्लीच्या बोअरचं पाणी उपसून टँकात ओततोय. मग टँक उतू का जात नाही? हा प्रश्न मला पडलाच नाही, त्याला काय करू!

मग रोजचं ठरूनच गेलं. सकाळी पंप सुरू झाला की चहा उकळेपर्यंत चालू द्यायचा, मग जाऊन खटका बंद. टायमरची वेळ सरली की खटका पुन्हा चालू, म्हणजे सकाळी पंप आपला आपण सुरू व्हायला मोकळा. असं का? अहो, भाऊजींचा फोन आला तर खोटं कसं बोलणार?

"वहिनी, पंप चालू होतोय न्हवं?"

"रोज होतोय की!"

"आन् पाणी निळं हाय न्हवं?"

"जरा हिरवट वाटतंय बघा."

"मग टायमर दहा तासांवर लावा."

लावला! दहावर लावायला माझं काय जातंय? बंद तर मीच करणार होते. पाणी पोपटी झालं, भाऊजी म्हणाले बारा तास लावा. बारा तर बारा. पुढं बेडकं आली. म्हटलं, चला, भाऊजींच्या माघारी बंगल्यात राहायला कुणीतरी आलं!

साखरपुड्याच्या दोन दिवस आधी भल्या सकाळी भाऊजी बायको-लेकीसह आले ते गाडीच्या डिकीत नवा, मोठा पंप घालूनच. जुन्यात दम नाही म्हणून! पूजा तर टँक बघून रडायलाच लागली. "पप्पा, ह्याच्या काठावर फोटो? आवं, हे शेततळं झालंय!"

"थांब गं. आज हितंच बसून बघतो, बिघाड कुठं हाय ते."

टायमरवर पंप सुरू झाला. किल्ली द्यायला गेलेली मीही तिथंच होते. आत पूजाच्या आईनं चहा ठेवला. चहाला उकळी आली, वास माझ्या नाकात शिरला आणि काय सांगू, माझे पाय आपोआप पंपाच्या खोलीकडं! खट्!

"बघा, पडला बंद!" भाऊजी ओरडले. "आपोआप बंद पडतोय!"

"आपोआप कशानं पडंल?" मी दारातूनच तोऱ्यात म्हणाले. "मी केला. रोज मीच करते. तुमचं लाइटबिल आन् गल्लीचं पाणी, दोन्ही राखलंय मी!"

एक बेडूक तेवढा बोलला.

भाऊजी डोक्याला हात लावून मटकन खाली बसले. "आवं वहिनी, ह्यो पंप पाणी भरत न्हाई! टँकातलंच पाणी ओढतोय, गाळतोय आन् परत टँकातच सोडतोय. दिवसभर फिरलं तरच ते निळं ऱ्हातंय!"

पूजाच्या डोळ्यांकडं बघवेना. मी तिचा हात धरला. "बाळा, पाणी निळं होईस्तोवर ही काकू हितनं हलायची न्हाई!"

आणि नाहीच हलले. भाऊजींनी औषध टाकलं, मी जाळीनं शेवाळ ओढलं, बेडकं बादलीतून ओढ्याला पोचवली, पंप अखंड चालू. साखरपुड्याच्या दिवशी पाणी फोटोतल्याइतकं नाही, पण निळं दिसत होतं. पूजा हसली, तेव्हा कुठं माझा जीव खाली पडला. तरी मी नव्या साडीत पंपाच्या खोलीपुढं खुर्ची टाकून बसलेली. व्याह्यांनी नुसतं खटक्याकडं बघितलं, तर त्यांच्यावरही डोळे वटारले!

एवढ्यात पाहुण्यांतून वाट काढत आमचे हे आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली.

"आवं, टँकात पडला काय?"

"टँकात कशाला पडू? सकाळी आपली मोटर चालू करून आलीस, ती कुणी बंद करायची? गच्चीवरनं धबधबा लागलाय! सातारकरांच्या गाड्या धुऊन निघाल्या!"

मी पदर खोचून उठले. तर सगळ्या पाहुण्यांदेखत भाऊजी काय म्हणाले असतील?

"जावा वहिनी, जावा. बंद करायचा पंप त्यो व्हता!"