विहिरीत केलेली समुद्राची तयारी

अंदमानच्या डायव्हिंग प्रशिक्षकाचा ई-मेल बायकोनं आदिलाबादच्या इंटरनेट सेंटरमध्ये छापून घेतला आणि घरी येऊन माझ्यापुढे ठेवला. आम्ही दोघं मागच्या वर्षी त्याच्याकडे प्राथमिक कोर्स करून आलो होतो. संक्रांतीच्या सुट्टीत आम्हाला ‘ड्रिफ्ट डायव्हिंग’ करायचं होतं. म्हणजे पाण्याखाली पोहत बसायचं नाही, प्रवाहाबरोबर वाहत जायचं आणि वरून नावेनं आपल्या मागोमाग यायचं. नावेला आपण कुठं आहोत हे कळावं म्हणून वर येण्याआधी खालूनच एक नारिंगी फुगा दोरीवर सोडायचा. हा फुगा दोघांनाही सोडता आला पाहिजे, अशी प्रशिक्षकाची अट होती. घरून सराव करून या आणि खरं काय ते कळवा, असं त्यानं लिहिलं होतं. दोघांतल्या एकाला जरी जमत नसेल तर दोघांनी उथळ पाण्यातले मासे बघावेत.

मागच्या वर्षी शेवटच्या दिवशी प्रवाहाकडे निघालेली दुसऱ्यांची नाव दिसेनाशी होईपर्यंत बायको धक्क्यावर उभी होती, ते मी पाहिलं होतं. प्रशिक्षकानं तिला माझ्यादेखत सांगितलं होतं की ती प्रवाहात उतरायला आताच तयार आहे. माझ्याकडे वळून तो म्हणाला की बुड्यांच्या नोंदवहीतलं माझं अक्षर सुंदर आहे.

आमचं राज्य तेव्हा आंध्र प्रदेश. शाळेत नकाशा काढताना पूर्वेचा लांबलचक किनारा निळ्या पेन्सिलीनं रंगवायचा आणि मग पार वर, डोक्याशी, आदिलाबाद लिहायचं, एवढाच आमचा समुद्राशी अधिकृत संबंध. पण बायको गुडीहत्नूरजवळच्या एका मळ्यात वाढली होती आणि चालण्याच्या मागोमाग विहिरीत पोहायला शिकली होती. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. समुद्राबद्दल मी बरंच वाचलं होतं, आणि पाण्यात उतरल्यावर त्यातलं काहीही उपयोगी पडत नाही याचा अनुभव मागच्या वर्षीच घेतला होता.

सामान चेन्नईहून पार्सलनं आलं. दोन मास्क, पायात घालायचे लांब रबरी पंजे, शिट्ट्या, उशीच्या खोळीसारखा लांबट नारिंगी फुगा आणि दोरीचं रीळ. शेजारचे किराणा दुकानदार खोक्यात डोकावून गेले आणि सर बहुतेक पूरनियंत्रणाच्या कामावर लागले, असं त्यांनी गल्लीत सांगितलं. ते ऐकून दोन जण माझ्याकडे वशिल्यासाठी आले. नव्या मास्कची काच वाफेनं धुरकट होते म्हणून बायकोनं ती पांढऱ्या टूथपेस्टनं चार वेळा घासली आणि मग मास्क लावून भाजी निवडली. घट्ट बसतो की नाही ते बघत होती. त्याच वेळी दुधवाला आला. त्या दिवशी त्यानं माप थोडं जास्त घातलं.

प्रशिक्षकानं बुडीचा आराखडाही मागितला होता आणि तो आम्हीच लिहायचा होता. हे बायकोच्या मोठ्या भावाला कळलं. दादा उटनूरच्या एका कचेरीत सुपरिंटेंडेंट. कागद न करता केलेलं काम त्यांच्या लेखी झालेलंच नसतं. रविवारी ते मळ्यात आले तेच सरकारी दौऱ्याचा कोरा तक्ता घेऊन. विहिरीजवळ बाज टाकून त्यांनी पेनचं टोपण काढलं.

“निघायचं ठिकाण, समुद्रातली नाव. लिवलं. पोचायचं ठिकाण?”

“ते ठरलेलं नसते,” बायको म्हणाली. “पानी नेईन तिकडं.”

“असं कसं लिवू बाई? मुक्काम पायजे. बरं, वापस कवा?”

“त्या जागी वापस यायचंच नाही, दादा.”

“अभद्र नको बोलू.”

“अभद्र काय त्याच्यात? नाव येते ना आमच्या मागं.”

दादांनी पेन खाली ठेवलं. “जवाईबापू, तुमी शिकलेले मानूस. वापसी नाही त्या दौऱ्याले मंजुरी कोन देईन? माह्या टेबलावरून वापसीबिगर एकबी कागद पुढं गेला नाही.”

मंजुरी देणारं तिथं कोणी नाही, समुद्र आहे, असं मी म्हणालो. हे उत्तर त्यांना पटलं नाही. अखेर पोचण्याचं ठिकाण या रकान्यात त्यांनी ‘प्रवाहाच्या सोयीनुसार’ असं लिहिलं आणि खाली सही केली. खरा आराखडा बायकोनं तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिला. अठरा मीटरच्या खाली जायचं नाही. टाकीतल्या हवेचा दाब सत्तर बारवर आला की वर निघायचं. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं आणि फुगा तिथून सोडायचा. एकमेकांपासून हरवलो तर एक मिनिट शोधायचं, नाही सापडलं तर आपापलं वर यायचं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण आमच्यात इतकं स्वच्छ काही लिहून ठरलं नव्हतं.

आता फुगा. आदिलाबादेत हवेची टाकी मिळायचा प्रश्नच नव्हता, म्हणून श्वास रोखून सराव करायचा ठरला. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, मोटर बंद केली आणि काठावर बिडी पेटवून बसले. थंडी कडक होती, पण विहिरीचं पाणी त्या दिवसांत कोमट असतं. पाण्याखाली गेलेल्या पायऱ्यांवर पुरुषभर खोल बसायचं, फुग्याच्या तोंडात छातीतली हवा सोडायची आणि रीळ मोकळं फिरू द्यायचं. फुगा सुटतो, दोरी उलगडत जाते, आपण खालीच राहतो.

बायकोनं पहिल्याच खेपेला करून दाखवलं. फुगा पाण्यातून सरळ उभा राहिला आणि ती नंतर सावकाश वर आली. मग माझी पाळी. मी फुंकलं, सोडलं, आणि फुग्याबरोबर मीही पाण्याबाहेर आलो. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा फुग्याच्या आधी माझं डोकं बाहेर आलं.

“तुमी फुगा सोडून नाही राह्यले,” बायको म्हणाली. “तुमीच त्याच्यासंगं वर येऊन राह्यले.”

“रिळात दोष आहे.”

“रीळ तेच हाय. मी सोडलं तेच.”

खऱ्या समुद्रात असं झटकन वर येणं फुप्फुसांना धोक्याचं असतं, म्हणजे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. चौथ्या आणि पाचव्या खेपेनंतर ती हसायची थांबली. टॉवेल खांद्यावर घेऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, “नाही जमलं तर आपन वरचेच मासे पाहू. तेबी चांगले राह्यतात.” हे ती इतक्या समजुतीनं म्हणाली की मला भांडण परवडलं असतं.

मी सहाव्यांदा उतरायला लागलो तेव्हा मामाजींनी बिडीनं माझ्या हाताकडे खूण केली.

“जवाईबापू, दोर मनगटाले काऊन गुंडायला?”

मी हाताकडे पाहिलं. दोरीचा एक वेढा मनगटाभोवती होता. तो मी कधी घेतला ते मलाही माहीत नव्हतं. आमच्या घरी विहिरीवर पाणी शेंदताना दोराचा वेढा मनगटाला घेतल्याशिवाय आई बादली सोडू देत नसे. दोर हातातून सुटला की बादली तळाला, मग गल्लीभर गळ मागत हिंडायचं आणि प्रत्येक दारात एकेक टोमणा ऐकायचा. पाण्याजवळ हातात दोर आला की माझं मनगट आपलं आपण वेढा घ्यायचं. सहा वर्षांचा असल्यापासून.

“बादली खाली जाते,” मामाजी म्हणाले. “हे तं वर जाते. त्याले कायले बांधून घेता?”

बायकोनं माझा डावा हात धरला आणि कोपरापर्यंत तपासला, शाळेत मुलांची नखं बघते तसा. मग म्हणाली, “उतरा.”

सहाव्या खेपेला मी पायरीवर बसलो, दोन बोटांत रीळ धरलं, फुंकलं आणि सोडलं. रीळ बोटांत भिरभिरलं. डोक्यावर नारिंगी काहीतरी उजेडाकडे गेलं आणि मी जिथं होतो तिथंच राहिलो. छातीत हवा नव्हती म्हणून लगेच वर यावं लागलं, नाहीतर मी तिथं थोडा वेळ बसलो असतो.

“पुन्हा,” बायको म्हणाली.

त्या दिवशी आणि पुढच्या दोन रविवारी तिनं मला वीस वेळा उतरवलं. तीन वेळा वेढा पुन्हा पडला. तिनं प्रशिक्षकाला जसं घडलं तसं कळवलं. ती स्वतः दर वेळी, नवरा सुरुवातीला पाच वेळा नापास, नंतर विसातून सतरा वेळा पास. दोन-तीन आकडे माझ्या बाजूनं पुढंमागं करता येतील का, असं मी सुचवून पाहिलं. ती गणित शिकवते.

चार दिवसांनी उत्तर आलं. दोघांनीही यावं. पहिल्या दिवशी सकाळी प्रवाहात एक बुडी. पुढे बायको राहील, फुगा आणि रीळ तिच्याकडे राहतील, ती थांबेल तिथं मी थांबायचं, ती निघेल तेव्हा निघायचं. माझ्याकडे दुसरा फुगा असेल, तो तिनं खूण केल्याशिवाय काढायचा नाही.

बायकोनं तो कागद इंटरनेट सेंटरच्या दारातच दोनदा वाचला. तिसऱ्यांदा मला मोठ्यानं वाचून दाखवला, माझ्या वाट्याची वाक्यं जरा सावकाश. मग घडी घालून पर्समध्ये टाकला आणि स्कूटरची किल्ली माझ्या हातातून घेतली. मी मागे बसलो.