मी पडीक लिहिलेली देवराहाटी

१९९८ साली मी रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावाचा तलाठी होतो. खाडीवर पूल बांधून ट्रकांसाठी नवा रस्ता काढायचा प्रस्ताव तेव्हा आला. रस्त्याची आखणी नेमकी गावच्या देवराहाटीतून, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातून जात होती. आत जांभ्याच्या पायऱ्यांची जुनी विहीर आणि लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड होते. ते किती पिढ्यांचे, कोणालाच सांगता येत नव्हते.

पंचनाम्याला गावचे गुरव बरोबर आले. रस्त्याचे साहेब देशावरचे. कमरेएवढी झुडपे पाहून त्यांनी विचारले, "इथे कोणी येतं तरी का? जरा साफसफाई नको?"

गुरव हसले. "साहेब, हितं कोयता चालत नाय. सुकी काटकी पण आम्ही उचलत नाय. देवाची हजामत करनार कोन?"

साहेबांना ती थट्टा वाटली. मी मात्र इथलाच. आमच्या गावची राहाटीही अशीच दाट. रान माजू देणे हीच तिची राखण, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. परतताना जीपमध्ये साहेब म्हणाले, "भाऊसाहेब, देवस्थान लिहिलंत तर फाइल अडकेल." त्यांची वर ओळख होती आणि माझा शहराजवळच्या बदलीचा अर्ज वर पडून होता. मी लिहिले, 'झाडी माजलेली पडीक जागा. वहिवाट नाही.' गुरवांनी न वाचताच सही केली. "तुमी लिवलंत म्हंजे झालं."

बदली झाली.

पुढे सुनावणीत गावाने हरकत घेतली, तेव्हा गुरवांच्याच सहीचा तो पंचनामा वाचून दाखवला गेला. त्या शिमग्यात लोकांनी त्यांच्या दारात बोंब मारली, "गुरवानं देव इकला!" मी हे शहरात ऐकले आणि गप्प बसलो.

पुलाचे काम रखडले. माझ्या निवृत्तीनंतर, २००६ मध्ये, पुन्हा मोजणी लागल्याचे कळले. मग कचेरीत जाऊन मी खरे ते लिहून दिले आणि त्याची पोच घेऊन गुरवांकडे गेलो. त्यांनी कागद परत केला.

"ह्यो सायबांसाठी झाला. माज्यासाठी गावकीत बोला."

गावकीच्या बैठकीत मी उभा राहिलो. सही यांची, शब्द माझे, आणि ते खोटे आहेत हे माहीत असून लिहिले, एवढे सांगितले.

एक म्हातारा म्हणाला, "येवढं बोलाया आठ वर्सं लागली काय हो, भाऊसाहेब?"

रस्त्याचे काय होणार, ते त्या दिवशी ठरले नाही. बैठक उठल्यावर मानकरी गुरवांना पुढे घालून बाहेर पडले. मी मागे चपला शोधत राहिलो.