झेरॉक्सच्या रांगेतली गाठ

प्रेमाची गोष्ट वाचताना तुम्ही शेवटचं पान आधी उघडून बघता का? बघत असाल, तर खरं सांगा, कुणासाठी? गोष्टीतल्या मुलीसाठी, की स्वतःसाठी?

मी स्वतः कधी असं पान उघडलं नाही, कारण मी पत्रकांवर वाढले. हिमायतनगरजवळच्या आमच्या गावात वडील पत्रकं लिहायचे, नांदेडहून छापून आणायचे आणि आम्ही भावंडं ती आठवडी बाजारात वाटायचो. वडिलांचा नियम एकच : म्हणणं पहिल्या ओळीत आलं पाहिजे. "माणूस रस्ता ओलांडेपर्यंतच पत्रक वाचतो," ते म्हणायचे. "पलीकडं गेला की त्यात भजी बांधून घेतो." अन्याय कुणी केला, कुणावर केला, आता काय करायचं, सगळं वरच, ठळक अक्षरात. काही झाकून ठेवणं म्हणजे आमच्या घरी खोटं बोलण्याचाच प्रकार होता.

पुढे मी लातूरला आले. एका क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करायचं काम मिळालं आणि उरलेल्या वेळात फोनवरच्या एका कथांच्या ॲपसाठी मालिका लिहायला घेतली. प्रेमही हवं आणि रहस्यही, अशी तिथल्या वाचकांची मागणी. माझी नायिका तालुक्याच्या दवाखान्यातली नर्स होती, नायक वायरमन. कुणीतरी तिच्यावर पाळत ठेवून असतं, ते कोण, हे रहस्य.

पहिला भाग मी माझ्या खोलीतल्या जोडीदारणीला वाचून दाखवला. ती चाकूरकडची, शेतीवाडी असलेल्या घरातली, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसलेली. माझं आडनाव कळल्यावर तिच्या घरून खोली बदलायचा हुकूम आला होता. "खोल्या बदलण्यात अभ्यास बुडेल," एवढंच फोनवर सांगून ती राहिली. मला अक्का म्हणायची.

भाग ऐकून ती हसतच सुटली.

"अक्का, पाळत ठेवणाऱ्याला तू पहिल्याच ओळीत धरून दिलंस. आता पुढं मी काय वाचू, त्याचं आधार कार्ड?"

"लोकांना कळायला नको का, दोषी कोण ते?"

"कळू दे की. पण जरा जीव टांगू दे आधी. आणि संशय त्या वायरमनवरच आण."

"तो तर चांगला आहे."

"म्हणूनच. संशय त्याच्यावर आन् जीवही त्याच्यावरच. मग बघ, बाई झोपती का."

त्या एका वाक्यात तिनं मला सगळी विद्या दिली. प्रेमकथेत वाचकाला दोघांची गाठ पडायला हवी असते. रहस्यकथेत त्याला गाठ सुटायला हवी असते. दोन्ही एकाच दोऱ्यात घ्यायचं, तर जो हात धरणार, त्याच हाताची आधी भीती वाटली पाहिजे. मी भाग पुन्हा लिहिला. प्रतिक्रिया यायला लागल्या. 'ताई, हिरोला मारलंत तर ॲप काढून टाकीन,' असंही एकीनं लिहिलं.

ती रोज संध्याकाळी डबा खाताना पुढचा भाग ऐकायची, दुरुस्त करायची आणि शेवटी ते भेटतात का, हे विचारायची. मी दोघांना बागेत भेटवलं, तर चपातीचा घास हातातच ठेवून म्हणाली, "बागेत कोण भेटतं गं? तिथं झाडाला बी डोळे असतात."

"मग कुठं भेटतील?"

"झेरॉक्सच्या दुकानात. पुढं-मागं उभं राहायचं. नोट्स घेऊन सगळेच उभे असतात. कोण कुणाकडं बघतंय?"

जागा मला इतकी आवडली की ती मी शेवटच्या भागासाठी राखून ठेवली. कुठे छापली नाही, कुणाला सांगितली नाही. पहिल्या भागातला पाळत ठेवणारा मी आता बदलणार होते; तो कोण असेल, असं तिला विचारलं, तेव्हा तिनं क्षणभरही विचार केला नाही. "भाऊच असणार. दुसरं कोण!"

मग एक दिवस मी प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढायला गेले. दुकानासमोर ही गर्दी. कुणी ढकलतंय, कुणी मित्राला हाका मारतंय. रांगेत ती होती. तिच्या मागे एक मुलगा, हातात तिच्याच विषयाची फाईल. सगळी रांग इकडंतिकडं बघत होती. फक्त ते दोघं एकमेकांकडं अजिबात बघत नव्हते. त्यानं एक संच जास्तीचा काढला, काउंटरवर ठेवला आणि निघून गेला. तिनं तो उचलला, छातीशी धरला.

मी परत फिरले. खोलीवर तिनं माझं तोंड बघून ओळखलं.

"कुणाचा गं?" मी विचारलं.

"तुमच्यातलाच हाय," ती म्हणाली. मग हसली. "आता कळलं ना, मी शेवट का विचारायले ते?"

तिला शेवट हवा होता आणि त्याच शेवटावरून आमचं भांडण झालं. मी तिला म्हणाले, लोक ज्याला खालची जात म्हणतात, त्याच जातीतल्या मुलावर मालिकेतली नर्सही प्रेम करते आहे. तिथं दोघं सुखानं नांदले असं लिहिणं म्हणजे वाचकाला अफू देणं. खरं काय होतं ते लिहीन. नायक येणार नाही. लोकांना राग आला पाहिजे.

ती ताटावरून उठली नाही, पण जेवलीही नाही.

"अक्का, समाज कसा हाय ते मला घरी कळतं. तेच वाचायला तुझ्याकडं कशाला येऊ? तू लई भीती घाल, हाव म्हणते मी. पण गाठ पाड. पाडशील ना?"

मी पाडीन म्हणाले. मनापासून नव्हे, तिच्याकडं बघवत नव्हतं म्हणून.

शेवटचा भाग लिहायच्या आधीच तिचा भाऊ आला. गावातला कुणीतरी पोराच्या ॲडमिशनसाठी लातूरला आला होता, त्यानं दोघांना चौकात एका रिक्षात बसताना पाहिलं होतं. भावानं आवाज चढवला नाही. तिची बॅग स्वतः भरली, पुस्तकं तशीच राहू दिली. दारात माझ्यापाशी थांबला.

"तू गोष्टी लिहितीस म्हणं. हिची लिहिलीस, तर ध्यानात ठेव, गाठ माझ्याशी हाय."

आमच्या भाषेत हा एकच शब्द भेटीलाही आहे, लग्नालाही आणि धमकीलाही. ती जिना उतरताना मागं वळली नाही. रांगेत शिकलेली सवय.

त्याच हंगामात तिचं लग्न झालं. तो मुलगा क्लास सोडून गेला, एवढंच कळलं. मी बरेच दिवस एक ओळ लिहू शकले नाही. मग रागानं खरा शेवट लिहिला, ठळक अक्षरात, वडिलांना आवडला असता असा. तो वाचला आणि पुसून टाकला. माझा शब्द वाचकांना नव्हता, तिला होता. नर्स आणि वायरमन झेरॉक्सच्या रांगेत पुढं-मागं उभे राहिले, आणि पहिल्यांदाच तिनं वळून बघितलं. वाचक खूश झाले. मी ते टाइप करताना रडत होते.

यंदा लातूरच्या स्टँडवर ती दिसली. शेजारी सासू, पायाशी पिशव्या. मला बघून तिचा चेहरा हललाही नाही. अगदी सहज, कुणा ओळखीच्या बाईला हवापाणी विचारावं तसं म्हणाली,

"अक्का, त्या दोघांचं काय झालं मग?"

"कोण दोघं?" सासूनं लगेच मान वर केली.

"गोष्टीतली हायेत, आत्या."

"भेटले," मी म्हणाले. "तू सांगितलेल्या जागी."

"हाव का?" तिनं पिशवीचा बंद हाताला घट्ट गुंडाळला. "बरं झालं." चाकूरची गाडी लागली आणि सासू तिला पुढे घालून चढली.

तुमच्या घरात गोष्टी वाचणारी एखादी मुलगी असेल. आज ना उद्या ती विचारेल, शेवटी ते भेटतात का? तेव्हा हातातलं काम खाली ठेवा, तिच्या शेजारी बसा आणि विचारा, "कोण दोघं?" पण त्या सासूनं विचारलं तसं विचारू नका.